क्रुमलोव्ह ‘जसंच्या तसं’ राहिलेलं नाही

चेक प्रजासत्ताकातल्या चेस्की क्रुमलोव्ह या जुन्या गावाच्या लाल कौलांचा एक फोटो सारखा फिरतोय. खाली मजकूर असा: ‘राजाने किल्ल्याभोवती नदी वळवून खंदक केला. सातशे वर्षांत इथली एक वीटही हललेली नाही. त्याच घराण्यांचे वंशज आजही त्याच घरांत राहतात.’ फोटो खरा आहे, पण मजकुरातलं एकही वाक्य टिकत नाही.

आधी नदी. व्ल्तावा कुणी वळवलेली नाही. शुमावाच्या डोंगरातून ती आधी आग्नेयेला वाहते, मग उत्तरेला वळून प्रागकडे जाते. वाटेत इथे खडक कापत तिने घोड्याच्या नालेसारखा वळसा घेतलाय. ‘क्रुम्मे आउवे’, म्हणजे वाकडं कुरण, या जुन्या जर्मन शब्दांवरूनच गावाला नाव पडलं. शिवाय किल्ला त्या वळशाच्या आत नाहीच. वळशात आहे जुनं गाव. किल्ला समोरच्या तीरावरच्या कड्यावर. तो बांधला सरदारांनी. १३०२ पासून तीनशे वर्षं तो रोझेंबेर्क घराण्याकडे होता आणि सम्राट रुडॉल्फ दुसरा याच्याकडे गेला तो १६०२ मध्ये, विकत घेऊन. आणि खंदक म्हणून मिरवलेली हीच नदी ऑगस्ट २००२ च्या महापुरात जुन्या गावातल्या घरांत शिरली होती.

आता ती न हललेली वीट. किल्ल्याच्या अंगणात भिंतींवर टोकदार घडीव दगडांच्या रांगा दिसतात. जवळ जाऊन पाहिलं की भिंत सपाट गिलाव्याची निघते; दगड, त्यांच्या कडा, सावल्या, सगळं रंगवलेलं. सोळाव्या शतकात जुन्या गॉथिक किल्ल्याला रोझेंबेर्कांनी चढवलेला हा नवा पेहराव. तिथलं नाट्यगृह आणखी नंतरचं, १७६६ च्या सुमारास किल्ल्याचे तेव्हाचे मालक असलेल्या श्वार्झेनबेर्क घराण्याने सजवलेलं. दर पिढीने इथे हात फिरवलाय, आणि मला तरी या गावाचं सौंदर्य त्यातच दिसतं.

वंशजांबद्दलचं वाक्य मात्र नुसतं चुकीचं नाही, ते अन्यायाचं आहे. १९४५ पर्यंत इथे बहुसंख्य लोक जर्मन बोलत. त्यांच्यासाठी हे क्रुमाउ होतं. चित्रकार एगॉन शीलेची आई इथलीच. १९३८ मध्ये हिटलरने हा भाग गिळला आणि इथल्या ज्यू कुटुंबांचं जगणंच संपवलं. युद्धानंतर जर्मन भाषकांना हाकलण्यात आलं. मोजकं सामान घेऊन माणसं निघाली, घरं मागे राहिली. त्यांत दुसरीकडून आलेले लोक राहायला आले. पुढच्या दशकांत कितीतरी घरांची पडझड झाली. १९८९ नंतर डागडुजीने जोर धरला आणि १९९२ मध्ये गाव जागतिक वारसा यादीत गेलं. ‘तेच वंशज’ म्हणणं म्हणजे गेलेल्यांना आणि नंतर आलेल्यांना, दोघांनाही पुसून टाकणं.

आणि ‘आजही त्याच घरांत’? जुन्या गावातल्या बहुतेक घरांची आता हॉटेलं, खानावळी, दुकानं झालीत. २०१८ च्या उन्हाळ्यात कातेरझिना शेदा या चेक कलावंत बाईंनी काही कुटुंबांना पगार देऊन तिथे आणून ठेवलं होतं. काम एवढंच, की त्यांनी तिथे रोजचं साधं आयुष्य जगायचं.