चप्पल आत, बिल्ला हातात

आमचं वॉशिंग मशीन गेलं आणि बायको म्हणाली, अहो ते तुमचं कॉइन का काय ते आहे ना, विका की आता, का लोणचं घालायचंय त्याचं? मुद्दा बरोबर होता. वीस-बावीस हजाराचं ईथर, म्हणजे इथेरियमचं डिजिटल चलन, होतं, पण ते पडलेलं एका लेयर टू चेनवर, म्हणजे मेन इथेरियमच्या वर बांधलेल्या दुसऱ्या नेटवर्कवर, कारण दोन वर्षांपूर्वी भाचा म्हणाला होता, मामा तिकडं गॅस स्वस्त आहे. (गॅस म्हणजे ट्रान्झॅक्शनची फी, सिलिंडर नव्हे, हे घरात तीनदा सांगून झालंय.) आणि माझं एक्स्चेंज, म्हणजे जिथं कॉइन विकायचं ते दुकान, घेतं फक्त मेन इथेरियमवरचं. म्हणजे आता ब्रिज करा, या चेनवरचं त्या चेनवर न्या.

ब्रिज म्हटलं की वाटतं पैसे पुलावरून चालत पलीकडं जातात. कोणी कुठं जात नाही हो. देवळाबाहेरचा चप्पल स्टँड आठवा. मेन इथेरियमवर ईथर जमा करायचं, त्याला कुलूप, आणि दुसऱ्या चेनवर हातात बिल्ला. परत येताना बिल्ला द्यायचा आणि चप्पल सोडवायची. खोक्यात चप्पल आहे तोवरच बिल्ल्याला किंमत. २०२२ च्या मार्चमध्ये रोनिन नावाच्या चेनच्या ब्रिजचा अख्खा स्टँडच साफ झाला, १,७३,६०० ईथर आणि वर २.५५ कोटी यूएसडीसी (डॉलरला बांधलेलं कॉइन). राखणदार ९ होते पण सह्या ५ पुरत होत्या, चोरांनी बरोब्बर ५ किल्ल्या मिळवल्या. आणि ६ दिवस कुणाला पत्ताच नाही! एक जण आपली चप्पल मागायला आला, ती निघेना, तेव्हा कुठं बोंब झाली.

हे वाचून मी घाबरलो आणि ठरवलं की बाहेरचा ब्रिज नको, भले तो पाच मिनिटांत काम करतो, अडीचशे रुपये घेतो, आपण चेनचाच अधिकृत ब्रिज वापरू. (रोनिनवालाही त्या चेनचा अधिकृतच होता, पण अडीचशे वाचवताना माणसाला असले बारकावे दिसत नाहीत.) चष्मा पुसला, ॲड्रेसची (घरचा पत्ता नव्हे, कॉइनचा खाते नंबर) पहिली चार अक्षरं, शेवटची चार, परत पहिली चार, मनात गणपती, आणि दाबलं बटण.

स्क्रीनवर आलं : ७ दिवस.

त्याचं असंय, ही चेन ऑप्टिमिस्टिक रोलअप. म्हणजे सगळे खरंच बोलतायत असं धरून चालते, पण कुणाची हरकत असेल तर मुदतीत पुराव्यानिशी कळवा. पेपरात जमिनीची जाहीर नोटीस येते ना, 'कोणाचा हक्क, बोजा, हितसंबंध असल्यास', तीच ही. आता माझ्या बावीस हजारावर हरकत घेणार कोण, बायको सोडून?

सात दिवस बादलीत कपडे. चादर पिळताना एक टोक तिच्या हातात, एक माझ्या, आणि मधे चौकशी.

"आले का?"

"चार दिवस राहिले."

"मग बँकेत जाऊन बोला ना."

"बँक नाहीये त्यात."

"मग कोण आहे?"

यावर मी चादर जरा जोरात पिळली.

आठव्या दिवशी क्लेमचं, म्हणजे चप्पल सोडवून घ्यायचं, बटण उजळलं. दाबलं तर म्हणे गॅसला बॅलन्स अपुरा. कारण क्लेम होतो मेननेटवर, म्हणजे मेन इथेरियमवर, तिथला गॅस तिथल्याच ईथरमध्ये, आणि माझं सगळं ईथर तर आत! कपाटाची किल्ली कपाटात. भाच्याला फोन केला, तो म्हणाला मामा ॲड्रेस टाका, आत्ता पाठवतो. दोन मिनिटांत त्याचा अंगठा आला, पैसे काही आले नाहीत. मी अर्धा तास रिफ्रेश करतोय, तो म्हणतोय सक्सेस दाखवतंय. मग डोक्यात प्रकाश पडला. दोन्ही चेनवर माझा ॲड्रेस एकच, अक्षर न अक्षर तोच, आणि ह्या गधड्यानं पाठवलं लेयर टूवर.

"अरे तिकडं का पाठवलंस?"

"मामा, तिकडं गॅस स्वस्त आहे ना."

ते चिल्लर मग त्याच पाच मिनिटवाल्या ब्रिजनं इकडं आणलं, फी मुकाट्यानं दिली, क्लेम केला, विकलं, १ टक्का टीडीएस कापून घेतला, ३० टक्के कराचं रिटर्न भरताना बघू. मशीन सोमवारी येतंय. डिलिव्हरीवाल्याचा फोन आला, ॲड्रेस विचारत होता. बायकोनं फोन माझ्या हातातून काढून घेतला.