हिचं आगार कोणतं?

घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेल्या महिन्यात बंडूने एक व्हिडिओ टाकला. कुणी अमेरिकन माणूस स्वतःचं चार सीटचं विमान घेऊन कॅनडात उतरतो आणि दार उघडून हात हलवतो. खाली बंडूचं भाष्य: "याला म्हणतात स्वातंत्र्य. आपण स्कूटर काढून उंब्रजला जावं तसे हे लोक दुसऱ्या देशात जातात. आपल्याकडे ड्रोन उडवायचा तरी दहा ठिकाणी परवानगी. हा देश सुधारायचा नाही." आणि शेवटी माझं नाव घेऊन, "हो ना रे?"

या "हो ना रे" चा मला संताप येतो. मी अमेरिकेत राहतो, म्हणून देशाला झोडपायचं असलं की मी साक्षीदार. आणि मी आपणहून काही बोललो, कराडच्या रस्त्यांबद्दल म्हणा किंवा पाण्याबद्दल, की लगेच "तू तिकडे बसून आम्हाला शिकवू नकोस". साक्ष द्यायला लायक, पण मत द्यायला नालायक, अशी ही जागा आहे. सतरा वर्षं झाली, सवय होत नाही.

दुसरा राग त्या दाराचा. कॅनडात उतरल्यावर सीमा अधिकाऱ्यांनी हिरवा कंदील दाखवेपर्यंत दार उघडून खाली उतरायचं नसतं. त्या माणसाने दार उघडण्याआधी काय काय केलं असेल ते व्हिडिओत नव्हतं. मला ते ठाऊक आहे, कारण मी तेच करतो. १९७६ सालच्या एका सेस्ना १७२ मध्ये, म्हणजे तसल्याच चार सीटच्या छोट्या विमानात, माझा चौथा हिस्सा आहे. चौथा हिस्सा म्हणजे गावाकडे विहिरीत असतो तसा, पाळी ठरलेली आणि भांडणं ठरलेली. "विमानवाला" म्हणून माझी जी ख्याती झाली आहे तिच्यात इंजिन दीडशे अश्वशक्तीचं आहे आणि सीटचं रेक्झिन दोन ठिकाणी उसवलेलं आहे, हे नमूद करतो.

तर मी ग्रुपवर लांबलचक उत्तर लिहिलं. अमेरिकेतून निघायच्या निदान ६० मिनिटं आधी ई-एपिसवर, म्हणजे अमेरिकेच्या सीमा खात्याच्या संकेतस्थळावर, सगळ्यांची नावं, जन्मतारखा, पासपोर्ट क्रमांक भरायचे. परत येताना पुन्हा तेच. कॅनडात शिरण्याआधी किमान २ आणि जास्तीत जास्त ४८ तास तिकडच्या सीमा खात्याला फोन, उतरल्यावर पुन्हा फोन. उड्डाणाचा आराखडा दाखल करायचा आणि निघाल्यावर तो चालूही करायचा, नुसता दाखल करून भागत नाही. ट्रान्सपाँडरवर, म्हणजे रडारला विमानाची ओळख सांगणाऱ्या यंत्रावर, मिळालेला चार आकडी कोड. विमानाच्या रेडिओचा वेगळा परवाना, रेडिओवर बोलणाऱ्याचा वेगळा. दाराजवळ वार्षिक शुल्काचं स्टिकर. अमेरिकेच्या सीमा खात्याचं काही चुकवलं तर पहिल्या खेपेला ५,००० डॉलरपर्यंत दंड, पुढच्या खेपेला १०,०००. उंब्रजला जाताना एवढं लागतं का, असं शेवटी विचारलं.

बंडूने अंगठा दाखवला. वाचलं नसणार.

नानाकाकांनी मात्र वाचलं. ते सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांचं एकच वाक्य आलं: "पुरुलिया विसरलात काय?" १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री एका अँटोनोव्ह विमानाने बंगालच्या पुरुलियात पॅराशूटने शस्त्रास्त्रं टाकली आणि पुढे निघून गेलं. तेच विमान काही दिवसांनी परत आपल्या हद्दीत आलं तेव्हा कुठे त्याला मुंबईत उतरवलं. काकांचं म्हणणं सरळ आहे: आपल्या शेजारात कॅनडा नाही, परवानग्या हव्यातच.

काकांना उत्तर द्यायला मी माथियास रुस्ट बाहेर काढला. २८ मे १९८७ रोजी १८ वर्षांचा हा पश्चिम जर्मन पोरगा हेलसिंकीहून निघून थेट मॉस्कोच्या रेड स्क्वेअरजवळ उतरला. जगातली सगळ्यात कडक हवाई हद्द, आणि पुढे त्यापायी संरक्षणमंत्र्याची खुर्ची गेली. विमान कोणतं? सेस्ना १७२. आमच्याच घराण्यातलं. परवानग्यांच्या भिंती बांधल्या म्हणजे सीमा बंद होते असं नाही, असा माझा मुद्दा. त्या पोराला नंतर वर्षभराहून जास्त तुरुंगात काढावं लागलं, हे मी लिहिलं नाही. वादात सगळंच लिहायचं नसतं.

मग बंडू परत आला, कॅप्टन अमोल यादवांना घेऊन. कांदिवलीत चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर या माणसाने सहा आसनी विमान बांधलं. नोंदणी मिळाली २०१७ साली, तीही मुख्यमंत्री-पंतप्रधानांपर्यंत विषय गेल्यावर. "तुमच्या तिकडे काय झालं असतं?" बंडूचा प्रश्न. इथे मला खोटं बोलता येईना. इथे लोक गॅरेजात विमान बांधतात. त्यासाठी स्वतंत्र वर्ग आहे, तपासणीस येतो, कागद देतो, दारावर 'एक्स्पेरिमेंटल' लिहायचं की झालं. आमच्या विमानतळावर शेजारच्या हँगरमध्ये एक निवृत्त दंतवैद्य गेली सहा वर्षं एक बांधतोय आणि त्याची सगळ्यात मोठी अडचण त्याची बायको आहे.

तेव्हा मी तो सिद्धांत मांडला, जो मला त्या क्षणी फार आवडला होता. फरक कागदांच्या संख्येत नाही. फरक असा की इथे मी कळवतो आणि तिथे मी विचारतो. भारतात खासगी विमानालाही उड्डाणाआधी हवाई संरक्षणाचा एडीसी क्रमांक घ्यावा लागतो. परदेशी छोटं विमान यायचं तर दिल्लीहून मंजुरीचा वेगळा क्रमांक. डोंगरात कोसळलो तर उपग्रहावरून मदत मागणारं जे छोटं यंत्र मी इथे गळ्यात अडकवतो, ते तिथे विनापरवाना खिशात सापडलं तर पोलीस ठाण्यात बसावं लागेल. एका देशाने नागरिकाला शहाणा धरलंय आणि दुसऱ्याने संशयित. असं लिहिलं. चार जणांनी टाळ्या दिल्या, त्यातल्या दोन पुण्याच्या वहिनींच्या.

तात्यांनी काहीच दिलं नाही. ते त्या वेळी माझ्याच घरात, पलीकडच्या खोलीत होते.

तात्या म्हणजे वडील. एसटीत वाहतूक नियंत्रक होते, पस्तीस वर्षं. यंदा सहा महिन्यांसाठी आलेत. त्यांना कॅनडात अॅबट्सफोर्डला ताईकडे घेऊन जायचं होतं, गाडीने सीमेवरच्या रांगेसकट अडीच तास, विमानाने पन्नास मिनिटं. आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं हँगरमध्ये अक्षरं चिकटवत बसलो. जुन्या विमानांवर नोंदणी क्रमांक दोन-तीन इंची चालतो, पण हवाई संरक्षणाचा पट्टा ओलांडायचा तर १२ इंची लागतो. आमच्या वाटेत तो पट्टा येतो की नाही यावर चार भागीदारांचं एकमत नाही, म्हणून वाद नको, चिकटवून टाकायचा. काळी टेप, मोजपट्टी, ब्लेड. तात्यांनी एकेक अक्षर हाताने दाबून बसवलं आणि दोन पावलं मागे जाऊन बघितलं.

"हिचं आगार कोणतं?" त्यांनी विचारलं.

म्हटलं, आगार नसतं तात्या, पहिलं अक्षर देशाचं. एन म्हणजे अमेरिका. आपलं व्हीटी.

"पण गाडी मुक्कामाला कुठं असते ते लिहाय नको? वाटेत बंद पडली तर लोकांना कळायचं कसं कुणाची ते?"

रात्री ई-एपिस भरायला बसलो. एका ओळीत मी, एका ओळीत ते. नागरिकत्वाचा रकाना आला. माझ्यापुढे यूएसए निवडलं, त्यांच्यापुढे इंडिया. हा रकाना मी अनेकदा भरलाय, एकट्याचा. दोन ओळी एकाखाली एक, आडनाव एकच, असं पहिल्यांदाच बघितलं. तात्या चष्मा लावून शेजारी बसले होते. पासपोर्ट क्रमांक मोठ्याने वाचून दाखवत होते, वेबिल वाचल्यासारखा. त्यांना दिसलं असणार. काही म्हणाले नाहीत.

आता जे ग्रुपवर लिहिलं नाही ते लिहितो. मी उडायला शिकलो तेव्हा एच-वन-बीवर होतो. २००१ च्या हल्ल्यांनंतर इथे नियम झाला की परक्या नागरिकाने विमान शिकायचं तर आधी सरकारची मंजुरी. बोटांचे ठसे दिले, शुल्क भरलं, मंजुरी येईपर्यंत थांबलो. माझ्यासोबत नाव घातलेला गोरा मुलगा तोवर तीन धडे उडून आला होता. विमान इथे नोंदवायचं तर मालक नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला लागतो, त्यामुळे हिस्सा घ्यायलाही थांबावं लागलं. म्हणजे "इथे कळवायचं असतं" हा माझा सिद्धांत पासपोर्ट बदलल्यानंतरचा आहे. त्याआधी मीही विचारतच होतो. आणि पासपोर्ट बदलायला मी का गेलो, याचं घरी सांगितलेलं कारण पोरांचं शिक्षण आहे. ते खोटं नाही. पण कुठेही फिरायला जायचं तर व्हिसा काढायला दर वेळी लागणारे कागद, ते फोटो, ते बँकेचे उतारे, यांचा कंटाळा हेही एक कारण होतं. देश बदलायला एवढंसं कारण पुरतं हे तात्यांना कसं सांगणार? त्यांनी याच प्रवासासाठी दोन्ही देशांचे व्हिसे रांगा लावून काढले, कुरकुर न करता.

सकाळी ९.४० ला आमच्या विमानतळावरून, एव्हरेटहून, निघालो. जाताना सगळं सुरळीत झालं. अॅबट्सफोर्डला उतरून फोन केला, बाईंनी नोंद क्रमांक दिला, ताई जाळीपलीकडे उभी. येताना गंमत झाली. सीमेच्या अमेरिकन बाजूला बेलिंगहॅमच्या कस्टमला साडेतीनची वेळ दिली होती. वारा पाठीशी निघाला आणि लक्षात आलं, दहा मिनिटं लवकर पोचतोय. लवकर पोचलेलं या लोकांना उशिरापेक्षाही खपत नाही. अधिकारी यायच्या आधी चाक टेकलं तर पुढचं बोलणं गोड नसतं. म्हणून टॉवरला विचारून मी सीमेच्या अलीकडे घिरट्या घालत बसलो.

खाली रास्पबेरीच्या बागा, सरळ ओळींच्या, आपल्या द्राक्षबागांसारख्या. आणि त्यांच्यामधून दोन रस्ते, अगदी शेजारी शेजारी. एक कॅनडाचा, एक अमेरिकेचा, मध्ये एक चर. एका रस्त्यावरून एक पिकअप चालली होती, दुसऱ्यावरून सायकलवर पोरगं.

"ह्येच का ते?" तात्यांनी हेडफोनमधून विचारलं. हेच, म्हटलं.

"बांधावरची भांडणं होत नसतील मग. मधी दोन रस्ते आहेत."

तिसऱ्या घिरटीला त्यांनी विचारलं, थांबलोय कशासाठी? म्हटलं, वेळ व्हायची आहे. मग ते घड्याळ बघत बसले, समाधानाने. वेळेआधी फलाटावर गाडी लावणारा चालक त्यांनाही कधी आवडला नाही. मी मात्र चडफडत होतो. अमेरिकेत उतरायचं तर निघण्याआधी सरकारकडून उतरायला मंजुरीचा संदेश यावा लागतो, आणि तो आल्यावरच मी निघालो होतो. माझाच सिद्धांत पंखाखाली गोल गोल फिरत होता.

बरोबर साडेतीनला उतरलो. कस्टमने आखलेल्या चौकोनात विमान उभं केलं, इंजिन बंद, दार बंद, दोघंही आत. उन्हात बसून घाम. अधिकारी आला, पासपोर्ट घेतले, फळं, भाज्या, मांस विचारलं. ताईने दिलेल्या पिशवीतली लसणाची चटणी बाहेर निघाली, हुंगली गेली आणि परत मिळाली. मग त्याने तात्यांना विचारलं, पायलट तुमचा कोण? तात्या म्हणाले, "माय सन. ड्रायव्हर." अधिकारी हसला नाही. नोंद करून निघून गेला.

तात्यांची खिशातली डायरी असते. रात्री त्यांनी तिच्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकला. अक्षर अजून छापल्यासारखं:

"एव्हरेट सुटली ९.४०. अॅबट्सफोर्ड पोच १०.३०. परतीची सुटली ३.०८, बेलिंगहॅम पोच ३.३०, वेळेवर. वाटेत दहा मिनिटे हवेत खोळंबा, कारण चालकास ठाऊक. कस्टम तपासणी वीस मिनिटे. प्रवासी १. चालक १, आपलाच."

सतरा जणांनी हात जोडले. नानाकाकांनी लिहिलं, "शिस्त". आणि आज सकाळी उठून बघतो तर बंडूचा प्रश्न: "हवेत खोळंबा कसला रे? तुमच्याकडे नुसतं कळवायचं असतं ना?"

निळ्या टिका उमटल्या आहेत. मी वाचलंय हे त्यालाही कळलंय.