खेरार्ड रेव्हची भक्ती नाटक नव्हती

आज दुपारपासून डोकं फिरलंय. लिहून मोकळी होते, नाहीतर रात्री झोप लागायची नाही.

आमच्या वाचनगटात आज डच कादंबरीकार खेरार्ड रेव्हवर बोलणं होतं. 'द इव्हनिंग्ज' सगळ्यांनी वाचून आणली होती. मूळ डच पुस्तक १९४७ चं, इंग्रजीत यायला २०१६ साल उजाडलं. छान चाललं होतं. तेवीस वर्षांचा फ्रिट्स, त्याची कंटाळवाणी ऑफिसातली नोकरी, १९४६ च्या डिसेंबरातले शेवटचे दहा दिवस, घरात आईबापांची तीच ती कुरबुर. युद्ध संपून दीडच वर्ष झालंय आणि त्याबद्दल जवळजवळ कुणी बोलतच नाही. मग आमच्यातल्या एकाने, चांगला वाचणारा पोरगा आहे, माझा लाडकाही आहे, मोबाइलमध्ये बघून जाहीर केलं, "पण पुढे हा कॅथलिक झाला म्हणे. गे असून! म्हणजे एकतर स्टंट, नाहीतर स्वतःचाच तिरस्कार." आणि सगळे हसले. सगळे म्हणजे तुम्हीच. त्यातले निम्मे आत्ता ही पोस्ट वाचताय.

मी तिथं काही बोलले नाही, कारण मला आमचा दादा आठवला आणि घसा दाटून आला. आता बोलते.

दादा म्हणजे माझा आतेभाऊ. गावच्या सप्ताहात तो पोरवयापासून वीणेच्या पहाऱ्याला उभा राहायचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली टेकवत नाहीत. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, घेणारा देणाऱ्याच्या. रात्री दोन ते चार हा पहारा कुणालाच नको असतो, तो दादा मागून घ्यायचा. एका वर्षी त्याच्याबद्दल गावात कळलं. कुणाच्या तरी फोनमधून काहीतरी फिरलं. मंडपाच्या तोंडाशी फळ्यावर पहारेकऱ्यांची नावं खडूने लिहिलेली असतात. संध्याकाळी मी गेले तेव्हा 'रात्री २ ते ४' च्या पुढे ओल्या फडक्याने पुसल्याचा डाग होता आणि त्या ओल्यावरच दुसरं नाव लिहायची घाई झाल्यामुळे खडू नीट उमटला नव्हता. तोंडावर कुणी काही म्हणालं नाही. दादा रात्रभर खांबाला टेकून टाळ वाजवत उभा राहिला. घरी गेला नाही.

आता रेव्ह. नोकरीनिमित्त नेदरलँड्समध्ये होते तेव्हा डच शिकले, म्हणून त्याची पुढची पुस्तकं मला मुळातून वाचता आली. तुम्ही 'द इव्हनिंग्ज'वर थांबता आणि उरलेला माणूस मोबाइलवर उरकता, याचा मला राग आहे.

'स्वतःचा तिरस्कार' म्हणणाऱ्यांनी जरा सनावळी बघावी. हा मुलगा १९२३ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये कम्युनिस्ट घरात जन्मला. वडील कम्युनिस्ट पत्रकार. घरात देव नाही, प्रार्थना नाही, पाद्री नाही. भाऊ कारेल मोठा निबंधकार झाला आणि शेवटपर्यंत नास्तिक राहिला. म्हणजे लहानपणी धर्माने मारून मुटकून ठेवलेला हा माणूस नव्हे. १९६२ मध्ये एडिनबराच्या लेखक परिषदेत भर सभेत त्याने सांगितलं की मी समलैंगिक आहे. स्कॉटलंडमध्ये तेव्हा तो गुन्हा होता, आणि पुढे १९८० पर्यंत राहिला! १९६३ च्या पत्रांच्या पुस्तकात तेच सगळं उघड लिहिलं. आणि १९६६ मध्ये तो कॅथलिक झाला. आधी स्वतःबद्दल सगळं जगाला सांगून टाकलं, मग देवाच्या दारात गेला. लपायला गेलेला माणूस असा जातो का? तोंड लपवायचं असतं तर आधी तोंड दाखवलं कशाला असतं?

त्याच वर्षी त्याचं 'नादर तॉत यू' आलं, म्हणजे 'तुझ्या अधिक जवळ'. हेही पत्रांचंच पुस्तक, बरीचशी फ्रीसलंडमधल्या ग्रेऑन्टर्प नावाच्या एवढ्याशा खेड्यातल्या घरातून लिहिलेली. दारू, एकटेपण, मरणाची भीती, तरुण मुलांची ओढ आणि देव, सगळं एकाच वाक्यात, एकाच श्वासात. शेवटी कविता आहेत, त्यांना त्याने भक्तिगीतं म्हटलंय. त्या पुस्तकातलं एक पान सगळ्या हॉलंडला माहीत आहे. देव एक वर्षाच्या, उंदराच्या रंगाच्या करड्या गाढवाचं रूप घेऊन त्याच्या दारात येतो आणि बेल वाजवतो. म्हणतो, खेरार्ड, तुझं ते पुस्तक वाचताना काही ठिकाणी मी रडलो रे. यावर रेव्ह स्तुती करायला जातो, निम्म्यातच हुंदका फुटतो, तो देवाला मुके घेत घरात ओढतो, जिन्याने वर नेतो आणि तिथं त्याच्याशी रत होतो. तीनदा. नंतर देवाला आपल्या पुस्तकाची भेटप्रत देतो. कागदी बांधणीची नाही, चांगली पुठ्ठा बांधणीची, कारण देवाशी चिक्कूपणा कशाला करायचा. आणि आत अर्पणाच्या दोन ओळी लिहून देतो.

आज हे वाचून दाखवलं असतं तर तुम्ही 'तीनदा'वर खिदळला असता. माझं लक्ष त्या भेटप्रतीवर जातं. लेखकाकडे द्यायला असतं काय? पुस्तक. आणि त्यातली बरी प्रत त्याने देवासाठी काढून ठेवली. हा स्टंट असेल तर आपल्याकडे घरोघरी पहिला घास बाजूला काढतात तोही स्टंटच म्हणायचा.

खटला भरला त्याच्यावर. एका कडव्या प्रोटेस्टंट पक्षाच्या खासदाराने संसदेत प्रश्न विचारला आणि ईश्वरनिंदेचा गुन्हा लागला. डच लोक त्याला गाढवाचा खटला म्हणतात. कायदा १९३२ चा. कम्युनिस्टांच्या धर्मविरोधी लिखाणाला लगाम घालायला आणलेला, आणि पहिल्यांदा नावाजलेला लेखक त्यात सापडला तो कम्युनिस्ट बापाचा पोरगा, तोही नुकताच ख्रिस्ती झालेला! कायद्यात मेख अशी होती की ईश्वरनिंदा हेटाळणीच्या सुरात केलेली असावी लागे. खालच्या कोर्टाने शिक्षा केली नाही. दुसरा कुणी हुश्श करून घरी गेला असता. याला तेवढ्याने भागेना, त्याला पूर्ण निर्दोष ठरायचं होतं. अपिलात उभा राहून त्याने स्वतः आपली बाजू मांडली. तो सुटला आणि १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. हेटाळणी त्यात नव्हतीच, तर सिद्ध कुठून होणार?

येशूचं रूप म्हणून कोकरू चालतं, गाढव चालत नाही, हे मला कधीच कळलेलं नाही. गेंटच्या चर्चमध्ये व्हॅन आयिक बंधूंचं १४३२ चं चित्र मी तासभर बघत उभी होते. वेदीवर कोकरू उभं, छातीतून रक्ताची धार पेल्यात पडतेय, भोवती देवदूत गुडघे टेकून. अख्खं युरोप तिथं रांग लावतं. आणि येशू जेरुसलेमला गेला तो कशावर बसून?

पण मला चर्चवाल्यांचा राग तेवढा येत नाही, कारण त्यांच्याकडून मी दुसरी अपेक्षाच केली नव्हती. राग तुमचा येतो.

दादाचं पुढचं सांगते. सप्ताह संपल्यावर तो पुण्याला परत आला आणि त्याच्या मित्रांना त्याने फळ्याचं सांगितलं. प्राइड मार्चला बरोबर चालणारी, एकमेकांसाठी रात्री-अपरात्री धावणारी ही मंडळी. त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "बरं झालं, सुटलास एकदाचा त्या भंपकपणातून." दादा मला म्हणाला, "फळ्यावरचं नाव पुसलं त्याचं एवढं लागलं नाही गं. माझं काही गेलंय हेच यांना दिसलं नाही." गावाने त्याचा अर्धा भाग नाकारला आणि मित्रांनी उरलेला अर्धा.

रेव्हचंही हेच झालं. धार्मिकांना त्याचं प्रेम घाण वाटलं आणि साहित्यातल्या त्याच्या कितीतरी चाहत्यांना त्याचा देव विनोदी वाटला. गे लेखक म्हणून डोक्यावर घेतला, पण मेरीमातेचं नाव काढलं की डोळा मारायचा, हे काय चाललंय! माणूस वर्षानुवर्षं मेरीबद्दल लिहितो, १९८० मध्ये आपण चर्चमध्ये कसे आलो यावर अख्खी कादंबरी लिहितो, आणि तुम्ही म्हणता गंमत करतोय. धर्मग्रंथातलं अक्षर न् अक्षर घडलेलं आहे असं तो मानत नव्हताच. त्याला त्या कथा प्रतीकं म्हणून खऱ्या वाटायच्या. ते तुम्हाला पटणार नाही, नका पटवून घेऊ. मी तरी देव मानते का, ते मला विचारू नका, मला नीट सांगता येत नाही. पण दुसऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी खरं आहे की ग्लिसरीन, एवढं मला कळतं.

हो, तो प्रसिद्धीला हपापलेला होता, स्वतःला खुशाल दुकानदार म्हणवून घ्यायचा. हो, १९७५ मध्ये बेल्जियममधल्या एका कवितांच्या रात्री त्याने वर्णद्वेषी कविता वाचली आणि तिचं समर्थन मी करणार नाही. मुद्दा तो नाही.

मुद्दा हा आहे की आपल्याला, निदान आपल्याला तरी, हे परकं वाटायला नको होतं. जनाबाई डोईचा पदर खांद्यावर येऊ देत भर बाजारात निघते, स्वतःला येसवा, म्हणजे वेश्या, म्हणवते आणि केशवाच्या घरात शिरते. सातशे वर्षं आपण माना डोलावतोय त्यावर. दादाचं नाव पुसलं त्याच रात्री कीर्तनात हाच अभंग झाला. मी होते तिथं. बुवांनी तीनदा आळवला. बायका डोळे पुसत होत्या. खांबाजवळ दादा टाळ धरून उभा, आणि ज्यांनी फळा पुसला ते पहिल्या रांगेत बसून ठेका धरत होते. देवाशी असं अंगचटीला येऊन बोलायचा हक्क जनीला आहे आणि दादाला वीणा धरायचाही नाही! २०१८ मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ बद्दल निकाल लागला तेव्हा आपण पेढे वाटले. त्या फळ्यापर्यंत काही तो निकाल पोचला नाही.

थांबते जरा. फार चिडून लिहितेय.

चहा घेऊन आले. एक चांगली गोष्टही सांगायची राहिली. खटला संपल्याच्या पुढच्याच वर्षी, १९६९ मध्ये, रेव्हला पी. सी. होफ्ट पुरस्कार देण्यात आला, तिकडचा फार मोठा मान. तो द्यायला मंत्री होत्या मार्गा क्लोम्पे, नेदरलँड्सच्या पहिल्या महिला मंत्री आणि पक्क्या कॅथलिक. रेव्हने सगळ्यांसमोर त्यांचा मुका घेतला. त्याच वर्षी अ‍ॅमस्टरडॅमच्या एका चर्चमध्ये त्याचा सत्कार झाला आणि तो टीव्हीवर दाखवला. ज्याच्यावर ईश्वरनिंदेचा खटला चालला त्याचा सत्कार, चर्चमध्ये! काहींना आवडलं नाहीच, पण झालं. २००१ मध्ये जगातली पहिली कायदेशीर समलिंगी लग्नं त्याच शहरात लागली आणि ईश्वरनिंदेचं ते कलम २०१४ मध्ये कायद्यातून गेलं. हे सगळं रेव्हमुळे झालं असं मी म्हणणार नाही. पण गाढवाचं ते पान आधी एका माणसाला लिहावं लागलं, कोर्टात उभं राहावं लागलं, आणि एकदाही 'मी गंमत करत होतो' असं म्हणून सुटका करून घेता आली नाही. म्हटलं असतं तर किती सोपं झालं असतं! तुम्ही आज त्याच्या वतीने तेच म्हणून टाकलंत.

आमच्या त्या लाडक्या पोराला सांगते. तुझ्यावर माझा राग नाही, तू अजून वाचशील. दादाला गावात पुन्हा वीणा मिळालेली नाही. तो आता पुण्यातल्या एका छोट्या भजनी मंडळात जातो, तिथं सगळ्यांना सगळं माहीत आहे आणि त्याच्याशिवाय गुरुवारी भजन सुरू होत नाही.

पुढच्या बैठकीला मी 'नादर तॉत यू'मधली गाढवाची पानं मराठीत करून आणणार आहे. माझा अनुवाद ओबडधोबड असेल, पण मुळापासूनचा असेल. हसू येईल तिथं हसा, त्याने हसवायलाही लिहिलंय. भेटप्रतीच्या ओळी मी शेवटी वाचेन आणि त्या वाचून होईपर्यंत कुणी मोबाइल काढायचा नाही. दादालाही बोलावलंय. गुरुवार सोडून कुठलाही वार ठेवा.