थवा उडवू नका

गेल्या रविवारी भरतीच्या वेळी किनाऱ्यावर बसले होते. वाळूचा एक चिंचोळा पट्टा तेवढा पाण्याबाहेर उरला होता आणि त्यावर तीन-चारशे पक्षी दाटीवाटीने उभे होते. चिखल्या, तुतारी, मध्ये थोडे लांब चोचीचे गॉडविट, सगळे किनाऱ्यावर चरणारे पक्षी. बहुतेक सगळे एका पायावर, चोच पाठीच्या पिसांत खुपसून. तेवढ्यात एक गृहस्थ मोठा कॅमेरा घेऊन आले, सरळ थव्याच्या अंगावर चालत गेले आणि टाळ्या वाजवल्या. त्यांना उडतानाचा फोटो हवा होता. थवा उठला, दोन घिरट्या घालून पुन्हा टेकला. त्यांनी पुन्हा उडवला. असं चार वेळा झालं. मी हटकलं, तर म्हणाले, "पक्षी आहेत, उडणारच की!"

तेव्हापासून चैन नाही, म्हणून लिहितेय.

भरतीला उभे असलेले हे पक्षी रिकामे बसलेले नसतात. त्यांचं ताट, म्हणजे ओहोटीला उघडा पडणारा चिखल, पाण्याखाली गेलेलं असतं. त्यांचा दिवस सूर्यावर नाही, ओहोटीवर चालतो. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, तशी त्यांची जेवणाची वेळही सरकते. ओहोटी मध्यरात्री आली तर त्यातले कितीतरी अंधारातही चरतात. मधल्या काही तासांत झोप आणि पचन उरकायचं आणि अंगावरची चरबी राखायची. ती चरबी म्हणजे त्यांच्या स्थलांतराच्या प्रवासाची शिदोरी.

शिदोरी केवढी लागते? २०२२ साली पाठीवर ट्रान्समीटर लावलेला एक गॉडविट अलास्काहून निघाला तो थेट ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर उतरला. ११ दिवस, सुमारे १३,५६० किलोमीटर, वाटेत कुठेही न थांबता. वय जेमतेम ५ महिने! समुद्रावर बसून विसावा घेणं या पक्ष्याला जमत नाही. निघण्याआधी चिखलातून जे पोटात गेलं असेल, त्यावरच सगळा प्रवास. अशा पक्ष्याला चार वेळा उगाच उडवणं मला तरी निरुपद्रवी वाटत नाही.

आणि तो चिखल! लोक त्याला 'नुसती दलदल' म्हणतात तेव्हा वाईट वाटतं. एकदा ओहोटीला कर्ल्यू पक्षी बघा. बाकदार लांब चोच मुळापर्यंत चिखलात जाते, जरा फिरते, थांबते. चोचीच्या टोकाला बारीक संवेदना असते, त्यामुळे न दिसणारं भक्ष्य त्याला चाचपता येतं. मग खेकडा वर येतो. पक्षी त्याला झटकतो, एक नांगी गळून पडते, पुन्हा झटकतो, बाजूच्या डबक्यात बुचकळतो आणि गिळतो. तिथून दहा पावलांवर चिखल्या असतो. त्याची चोच आखूड, डोळे मोठे. तो धावतो, थबकतो, टिपतो. एकाच चिखलात दोघांची ताटं वेगळी.

हा चिखल गेला की काय होतं, तेही जगाने पाहिलंय. दक्षिण कोरियात सेमांगुमच्या चिखलपट्ट्याला सुमारे ३३ किलोमीटरचा बांध घालून २००६ साली भरतीचं पाणी अडवलं. स्थलांतराच्या वाटेत तिथे थांबणाऱ्या ग्रेट नॉट या किनाऱ्यावरच्या पक्ष्यांची संख्या त्यानंतर भयंकर घसरली.

पक्षी बघायला मात्र जरूर जा. ओहोटी पूर्ण लागल्यावर जाऊ नका, तेव्हा ते लांब ठिपक्यांसारखे दिसतात. भरतीचं वेळापत्रक बघून पूर्ण भरतीच्या दोन-तीन तास आधी जा आणि कोरड्या जागी, पाण्याच्या वाटेबाहेर, खाली बसा. चिखलात उतरू नका, पाणी मागून वेढतं. कुत्रा बरोबर असेल तर दोरी सोडू नका. पाणी वर सरकतं तसे पक्षी आपसूक तुमच्याकडे येतात. पक्ष्यांनी माना ताठ करून तुमच्याकडे बघायला सुरुवात केली, की तुम्ही फार जवळ गेलात. तिथेच थांबा, किंवा दोन पावलं मागे या.

त्या दिवशी ते गृहस्थ गेल्यावर अर्ध्या तासाने थवा परतला. थोडे कमी वाटले. पाणी उतरायला लागलं, ओल्या वाळूची पहिली रेघ उघडी पडली आणि एक तुतारी शेपूट हलवत तिकडे चालू लागली.