मंगळावरच्या दीर्घ मुक्कामाविषयी : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

मंगळावर अंतराळवीरांना सुमारे पंधरा महिने थांबावे लागेल, या माझ्या विधानावर आपला आक्षेप असा, की हा हिशेब मंदगती यानांचा आहे. रॉकेट पुरेसे शक्तिशाली असेल तर महिनाभर राहून परतता येईल आणि अडचण आलीच तर अपोलो १३ या चांद्रयानाप्रमाणे वळसा घालून माघारी फिरता येईल. वेग वाढवल्याने जाण्याचा काळ घटतो, हे निर्विवाद. मुक्काम मात्र त्यामुळे घटत नाही, उलट वाढतो.

कमीत कमी इंधनाच्या होमान कक्षेने मंगळ गाठायला साधारण २५९ दिवस लागतात. तेवढ्या काळात यान सूर्याभोवती १८० अंश फिरते आणि पृथ्वी २५५ अंश, म्हणजे यान पोहोचते तेव्हा पृथ्वी मंगळाच्या ७५ अंश पुढे गेलेली असते. तशाच कक्षेने परतायचे तर निघताना पृथ्वी मंगळाच्या ७५ अंश मागे असायला हवी, आणि मंगळाच्या तुलनेत ती दिवसाला अर्ध्या अंशाहूनही कमी पुढे सरकत असल्याने त्यासाठी सुमारे ४५५ दिवस थांबावे लागते. सहा महिन्यांत पोहोचलेल्यांनाही परतीसाठी जवळपास त्याच तारखेची वाट पाहावी लागेल, म्हणजे लवकर पोहोचल्याने त्यांचा मुक्काम वाढेलच.

महिनाभराचा मुक्काम अशक्य नाही. पण मग पुढे गेलेल्या पृथ्वीला गाठण्यासाठी यानाला सूर्याच्या अधिक जवळून, बहुधा शुक्राजवळून यावे लागते. शुक्राच्या गुरुत्वाकर्षणाची मदत घेतली तरी इंधन बरेच जास्त लागते आणि वीसएक महिन्यांच्या सफरीतला जवळजवळ सगळा काळ अंतराळात जातो. मंगळावर उतरलेल्या क्युरिऑसिटी या रोव्हरवरील उपकरणाने प्रवासात दिवसाला सुमारे १.८ मिलीसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या मात्रेचे एकक) किरणोत्सर्ग मोजला, तर मंगळाच्या पृष्ठभागावर सुमारे ०.६४. त्यावरून ढोबळ गणित केले, तर वर्षभराचा प्रवास आणि दीड वर्षाचा मुक्काम यांत जेवढी मात्रा मिळते, जवळपास तेवढीच या ‘छोट्या’ सफरीतही मिळते. (सूर्याजवळच्या उष्णतेचा प्रश्न यात धरलेलाच नाही.) आण्विक इंजिनांनी इंधनाचा प्रश्न सौम्य होईल, आणि आपला मुद्दा खरा जोर धरतो तो तिथेच.

अपोलो १३ चंद्राला वळसा घालून काही दिवसांत परतले. मंगळासाठीही तशी सोय करता येते : दोन वर्षे कालावधीची कक्षा निवडली, तर दोन वर्षांनी यान निघाल्या जागी येते आणि पृथ्वीही तिथेच असते. मात्र तेवढे अन्नपाणी यानातच असावे लागते, आणि मंगळाच्या कक्षेत शिरण्यासाठी एकदा वेग कमी केला की तो मार्ग बंद होतो.