पाखाडी जिथे तुटली, तिथून आराखडा सुरू करा

संगमेश्वर तालुक्यातील आमची वाडी डोंगराच्या उतारावर आहे, तर शाळा, रेशन दुकान, ग्रामदेवतेचे देऊळ आणि नदीकाठची शेती महामार्गाच्या पलीकडे. आजोबांच्या पिढीने श्रमदानाने बांधलेली जांभ्या चिऱ्यांची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, घरांपासून थेट देवळापर्यंत जात असे. जुना दुपदरी रस्ता तिला मध्येच छेदत होता, पण गाडी गेली की दहा पावलांत पलीकडे पोहोचता येई. चौपदरीकरणासाठी डोंगर कापल्यानंतर त्या पाखाडीची शेवटची पायरी उभ्या दरडीच्या काठावर येऊन थांबली आहे. खाली काँक्रीटचे चार पदर, मध्ये दुभाजक, आणि समोरच्या कडेला त्याच पाखाडीचे उरलेले चिरे गवतातून दिसतात.

आमचा हा महामार्ग म्हणजे मुंबई–गोवा राष्ट्रीय महामार्ग ६६. त्याच्या पनवेल–इंदापूर टप्प्याचे रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झाले. तेव्हापासून आपण या रस्त्याविषयी पुष्कळ बोललो आहोत. खड्डे, रखडलेले पूल, घाटातील दरडी, गणपतीच्या दिवसांतील कोंडी हे सारे विषय रास्तच आहेत. परंतु हे सगळे बोलणे गाडीत बसलेल्या माणसाचे आहे. या रस्त्याच्या कडेने रोज चालणाऱ्या आणि तो रोज ओलांडणाऱ्या माणसाची बाजू त्यात फारशी आलेली नाही.

एसटीने प्रवास करणाऱ्या प्रत्येकाचाच विचार करा. सकाळी तालुक्याला जाणारी गाडी ज्या बाजूला मिळते, त्याच्या समोरच्या बाजूला संध्याकाळची गाडी उतरवते. म्हणजे घर कोणत्याही बाजूला असो, दिवसातून एकदा महामार्ग ओलांडावाच लागतो. असे असताना थांबा एका ठिकाणी, दुभाजकातील वाट दुसरीकडे आणि भुयारी मार्ग पाऊण किलोमीटर पुढे, अशी रचना झाली तर दप्तर घेतलेले मूल किंवा डोक्यावर भारा घेतलेली बाई दुभाजक चढूनच जाणार. त्यांना बेशिस्त म्हणणे मला अन्यायाचे वाटते. रोजच्या वाटेवर दीड किलोमीटरचा वळसा आपल्यापैकी कोणीही घालणार नाही.

ही उपेक्षा मोजणीपासूनच सुरू होते. वाहतुकीचे सर्वेक्षण करताना प्रत्येक वाहनाचे रूपांतर मोटारीच्या एककात केले जाते. त्यात सायकल साधारण अर्धा एकक धरतात, पायी चालणारा त्या हिशोबात येतच नाही. ओलांडणीची गरज ठरवण्यासाठी भारतीय रस्ते काँग्रेस या रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शिकेतील जे सूत्र वर्षानुवर्षे वापरले गेले, त्यात गर्दीच्या तासातील पादचाऱ्यांच्या संख्येला वाहनसंख्येच्या वर्गाने गुणतात आणि दुभाजक असलेल्या रस्त्यासाठी तो गुणाकार वीस कोटींपेक्षा जास्त यावा अशी अपेक्षा असते. तासाला एक हजार वाहने असतील, तर ओलांडणारी माणसे दोनशेहून अधिक हवीत. कोकणातल्या कोणत्या वाडीत तासाला दोनशे माणसे रस्ता ओलांडतील? आमच्याकडे शाळा सुटली की पंचवीस मुले एकदम येतात आणि नंतर अर्धा तास कोणीही नसते. सुदैवाने त्याच मार्गदर्शिकेत वाहनांचा वेग ताशी ६५ किलोमीटरहून अधिक असणे हेही सोय करण्याचे एक कारण मानले होते. आमच्या गावांनी आग्रह धरायचा तो या कारणाचा. कारण जागतिक आरोग्य संघटनेने दिलेल्या माहितीनुसार, ताशी ५० किलोमीटर वेगाच्या गाडीची धडक बसल्यास प्रौढ पादचारी दगावण्याची शक्यता वीस टक्क्यांहून कमी असते, तर ताशी ८० किलोमीटरला ती साठ टक्क्यांच्या जवळ जाते.

कोकणात यावर उपाय शोधणे अवघडही नाही, कारण येथील भूगोलच मदतीला येतो. आपला महामार्ग एक तर डोंगर कापून जातो किंवा पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, भराव घालून जातो. जेथे दोन्ही बाजूंना कापणी आहे, तेथे दोन्ही काठ रस्त्याच्या वर असतात, म्हणून पादचारी पूल एका काठावरून दुसऱ्या काठावर सपाट टाकता येतो आणि कोणालाही जिना चढावा लागत नाही. जेथे भराव आहे, तेथे पाण्यासाठी मोरी बांधावीच लागते. तिच्या शेजारी पाण्याच्या पातळीहून उंच असा माणसे, गुरे आणि सायकली जाण्यापुरता गाळा ठेवला, तर भुयारी मार्ग वेगळा खोदावा लागणार नाही. मात्र हे रस्ता बांधतानाच करावे लागते, नंतर त्यासाठी लागणारा खर्च आणि वेळ दोन्ही कितीतरी वाढतात.

कडेने चालण्याचा प्रश्न पावसाळ्यात खरा कळतो. जुलैत कडेचे रान कमरेइतके वाढते, साइडपट्टी चिखलाखाली जाते आणि माणसे नाइलाजाने काँक्रीटवर चालतात. सेवारस्त्याच्या गटारावरील लाद्या हाच आमचा फुटपाथ. गेल्या पावसात आमच्या थांब्याजवळची एक लादी मधोमध तुटली होती. कोणीतरी त्या भोकात धोक्याची खूण म्हणून ऐनाची फांदी उभी केली आणि ती फांदी वाळून गेली तरी लादी बदललेली नव्हती. मार्गदर्शिकेप्रमाणे पादपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी आणि कडेच्या दगडाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. ही अपेक्षा शहरापुरती नसून महामार्गालगतच्या प्रत्येक बाजारपेठेलाही लागू व्हायला हवी.

सायकलबद्दल आमच्याकडे सहज म्हटले जाते की या चढउतारांत सायकल कोण चालवणार. परंतु नदीकाठच्या सपाट पट्ट्यांत हायस्कूलची मुले आजही सायकलने जातात, आणि राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून निवडक तालुक्यांत शाळा दूर असलेल्या मुलींना सायकली दिल्या जातात. सायकल दिल्यावर ती सुरक्षितपणे चालवण्याची जागा देणे हे त्याच कामाचा उरलेला भाग आहे. सगळा महामार्ग सायकलमार्गाने जोडा असे माझे म्हणणे नाही, शाळेच्या दोन्ही बाजूंना तीन-चार किलोमीटरपर्यंत वेगळी, कठड्याने राखलेली पट्टी मिळाली तरी खूप मोठे काम होईल.

रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाच्या बाबतीत तर अजून संधी हातात आहे. दाभोळ–धोपावे किंवा जयगड–तवसाळच्या फेरीबोटीत मोटारीच्या शेजारी सायकलवाला आणि मासळीची पाटी घेतलेली बाई सारख्याच हक्काने उभी असते. उद्या खाड्यांवर पूल झाले आणि त्यावर चालण्यासाठी रुंद, कठड्याआडची जागा नसली, तर गाडी नसलेल्यांसाठी खाडी पूर्वीपेक्षा रुंद होईल.

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली आणि त्यांत जवळपास दर पाचवा माणूस पादचारी होता. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सुरक्षित पादपथाचा हक्क घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले आहे.

आम्ही वाडीतील काही जणांनी गावाच्या नकाशावर पाखाडी, पायवाट, एसटी थांबा आणि शाळेची वाट महामार्गाला जेथे जेथे भेटते ती ठिकाणे खुणेने दाखवली आहेत. एकूण सात जागा निघाल्या, त्यांपैकी चार कापणीच्या आणि तीन भरावाच्या आहेत. येत्या ग्रामसभेत हा नकाशा ठरावासोबत जोडून वर पाठवणार आहोत. महामार्गालगतच्या इतर वाड्यांनीही आपापल्या जागा अशाच नोंदवाव्यात, आणि सकाळी शाळा भरताना व संध्याकाळी एसटी येताना किती माणसे ओलांडतात ते वहीत रोज लिहून ठेवावे, ही मनापासून विनंती. आमची वही सोमवारपासून सुरू झाली आहे.