फीचा आकडा सांगता, बाकीचा खर्च कोण सांगणार?

आज लिहूनच टाकते, नाहीतर डोकं फुटेल माझं.

मुलीला इंग्लंडच्या शाळेत घालायचं म्हणून जानेवारी 2025 च्या शेवटी पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या एका कन्सल्टन्सीत आम्ही तिघं बसलो होतो. समोरच्या बाईंनी एक कागद पुढे सरकवला. बोर्डिंगसकट वार्षिक फी 40,000 पाउंड, त्यावर 20 टक्के स्कॉलरशिप, उरले 32,000. त्या 32,000 भोवती त्यांनी निळ्या पेनाने गोल केला आणि खाली लिहिलं, 'पाउंड 105 रुपयांनी धरा, साधारण 34 लाख'. इंग्लंडमधली दोन वर्षं, म्हणजे आपली अकरावी-बारावी, तिथली ए-लेव्हल. कोथरूडला घरी येऊन रात्री दोनपर्यंत आम्ही नवराबायको वही घेऊन बसलो. एफडी, माझा पीएफ, सासऱ्यांनी नातीसाठी ठेवलेले पैसे. ओढूनताणून बसत होतं. म्हणून हो म्हटलं.

तो कागद धडधडीत खोटा होता.

तिथल्या खासगी शाळांच्या फीवर 1 जानेवारी 2025 पासून 20 टक्के व्हॅट लागतो. म्हणजे बाई गोल काढत होत्या तेव्हा तो लागू होऊन महिना होत आला होता! 32,000 वर 6,400, झाले 38,400. ज्या स्कॉलरशिपचे आम्ही सोसायटीत पेढे वाटले, तिच्यातले फक्त 1,600 पाउंड आमच्या पदरात पडले. जाब विचारला तर म्हणे, "मॅडम, ब्रोशरमध्ये तळाला लिहिलंय की व्हॅट वेगळा." अहो, तळाचं वाचून सांगायचेच तर तुम्ही पैसे घेता ना?

पहिल्या टर्मची फी पाठवेपर्यंत पाउंड 118 वर गेला. पाउंड वर जातो हे मलाही कळतं. पण रोज हाच धंदा करणाऱ्या माणसाने 105 वर एक रुपयाही जास्त धरू नये? एका पाउंडामागे 13 रुपये, वर्षाला जवळजवळ 5 लाख. वर व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार, वर्षाला 776 पाउंड, तोही सगळ्या मुदतीचा एकदम आधीच भरायचा. कागदावर त्याचा उल्लेखसुद्धा नव्हता.

मग मी कर्जासाठी कर्वे रस्त्यावरच्या बँकेत गेले. साहेबांनी फाइल उघडलीही नाही. "मुलगी बारावी झाली का? मग बारावीनंतर या." एज्युकेशन लोनची योजनाच बारावीनंतरच्या शिक्षणासाठी. आयकराच्या तेव्हाच्या 80-ई कलमातली कर्जाच्या व्याजावरची सवलतही बारावीनंतरचीच, आणि 80-सी मधली फीची वजावट फक्त भारतातल्या शाळेची. म्हणजे शाळेसाठी पोर बाहेर पाठवणाऱ्या आईबापांना एक दमडीची सूट नाही. मात्र 2025 मध्ये तेच पैसे बाहेर पाठवताना वर्षाला 10 लाखांच्या वरच्या रकमेवर 5 टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर, कापायला सरकार हजर होतं! आमचे पावणेदोन लाख त्यात गेले. रिटर्न भरल्यावर वळते होतात, मान्य. पण टर्मची फी तर आज भरायची असते. आणि ही 10 लाखांची मर्यादा माणशी असते, दोघांच्या पॅनवर वाटून पाठवले असते तर निदान 50 हजार कमी अडकले असते, हे मला कोणी सांगावं? मैत्रिणीच्या सीएने! पैसे पाठवून झाल्यावर!

हाफ-टर्मचं, म्हणजे टर्मच्या मधल्या सुट्टीचं, तर बोलूच नका. ऑक्टोबरात शाळेला सुट्टी, होस्टेल बंद. सोळा वर्षांच्या मुलीने जायचं कुठे? शाळा म्हणते गार्डियन नेमा. गार्डियन एजन्सीची फी वेगळी आणि ज्या घरी मुलगी राहणार त्या घराचे रात्रीला 70 पाउंड. चौदा रात्री. 980 पाउंड, म्हणजे लाखाच्या वर. आणि फेब्रुवारीत, मे मध्ये पुन्हा सुट्टी, पुन्हा खर्च. बोर्डिंगसकट म्हणून फी सांगितलीत ना? मग बोर्डिंग बंद असताना मुलीला कुठे ठेवायचं ते त्या कागदावर का नाही?

परवा रात्री तिचा मेसेज आला. 'आई, कोट 85 पाउंडचा आहे. दहा हजार होतात. घेऊ का, की राहू दे?' माझी पोर थंडीत दुकानात उभी राहून 118 ने गुणाकार करत होती. आपल्या घरात कपड्यासाठी तिने कधी किंमत विचारलेली नाही. मी लगेच फोन करून घ्यायला लावला आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. नंतर जो संताप आला तो अजून उतरलेला नाही.

सोमवारी ऑफिसला दांडी मारून मी त्या कन्सल्टन्सीत जाणार आहे. तो निळ्या गोलाचा कागद आणि माझी वही, दोन्ही त्या बाईंच्या टेबलावर ठेवणार. बाहेर सोफ्यावर जे आईबाप फाइल घेऊन बसलेले असतील, त्यांनाही ती वही दाखवणार. मला कोणी बाहेर काढून तर बघू दे.